मामंजींनी वाचलेली पहिली कादंबरी

मामंजी, परवा माझा मुलगा तुमच्या पणतीला, म्हणजे त्याच्या लेकीला, रागे भरला. परीक्षा तोंडावर आलेली आणि ती खुनाची कादंबरी घेऊन बसलेली. असल्या पुस्तकांतून मिळतं काय, असं तो तिला विचारत होता आणि ती माझ्याकडं बघत होती, कारण पुस्तक मीच दिलं होतं. उत्तर द्यायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तुमच्याविषयी मी या घरात फारसं कधी बोललेच नाही. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुमचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं धार काढायच्या आधी भांडं पालथं करून दाखवायचं, हा तुमचा नियम. भवानी पेठेतल्या आपल्या सुताच्या दुकानात विणकर आपसांत तेलुगूत बोलायला लागले की तुमचा तराजूवरचा हात थांबायचा. ते तुमच्याविषयीच बोलतायत असं तुम्हाला वाटायचं. मी माहेरच्या मैंदर्गीहून या घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि मी, एवढीच माणसं. तरी तुमच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली करगोट्याला. व्यवहार मराठीत करायचात, पण संशय आला की तुमच्या तोंडून कानडी निघायचं. "याके?" म्हणजे का. मीठ लवकर का संपलं, शेजारीण आत्ताच का येऊन गेली, मी मघाशी का हसले.

त्या उन्हाळ्यात तुम्हाला उलट्या सुरू झाल्या. रोज नाही, पण संध्याकाळी दुकानातून येऊन जेवलात की कधीतरी तुम्ही मोरीकडं धावायचात. आम्ही दोघं तेच जेवत होतो, आम्हाला काही होत नव्हतं. वैद्यांनी नाडी बघून पुड्या दिल्या आणि जाताजाता विचारलं, ताट कोण वाढतं. त्यांनी सहजच विचारलं असेल. पण तेव्हापासून तुम्ही माझ्या हातांकडं बघायला लागलात. मी भाकरी थापतेय, तुम्ही दारात. मी आमटीत पळी फिरवतेय, तुम्ही दारात. एका संध्याकाळी ताट माझ्याकडं सरकवून म्हणालात, आधी तू खा. मी खाल्लं. प्रत्येक घास मी गिळतेय की नाही हेही तुम्ही बघत होतात.

नेमकं तेव्हाच एक पुस्तक तुमच्या हाती लागलं. तुमच्या मुलानं गिरणीच्या कचेरीतल्या मित्राकडून माझ्यासाठी ते आणलं होतं, आणि आमटीला उकळी येईपर्यंत मी दोन-दोन पानं वाचायची. एका श्रीमंत म्हाताऱ्याला त्याच्याच घरात कुणीतरी विष घालतं, अशी गोष्ट. तुम्ही ते उघडलंत आणि बरोबर विषाचंच पान निघालं. तुम्ही ओरडला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही हळूच म्हणालात, "विषाची पुस्तकं वाचतीस व्हय, चुलीम्होरं बसून?"

दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला माझ्या भावाला सांगावा गेला, बहिणीला घेऊन जा म्हणून. तुमचा मुलगा मान खाली घालून कचेरीला गेला. आणि मामंजी, मीही काही साधी नव्हते. त्या दिवसांत वैरागचा एक माणूस दोनदा येऊन तुमच्याशी हलक्या आवाजात बोलून गेला होता. मी मनात धरलं की तो स्थळ घेऊन येतोय. उलट्या खोट्या, मला घालवून तुम्हाला दुसरी सून आणायचीय. तुमची माझ्यावर पाळत आणि माझी तुमच्यावर. एकाच स्वयंपाकघरात आपण दोघं असे वावरत होतो.

पेटी भरता भरता मी तुमच्याकडं एकच मागितलं. म्हटलं, "मला पाठवा, पण ते पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचा की. एका पानावरून ठरवू नका."

तुम्ही का ऐकलंत ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक माझं कारस्थानच त्यातून उघडं पडेल असं वाटलं असेल. तुमचं सगळं आयुष्य मोडी लिहिण्यावाचण्यात गेलेलं. छापील बाळबोध अक्षरांखालून बोट फिरवत, ओठ हलवत तुम्ही वाचायला बसलात. दुपारी उन्हामुळं दुकान बंद असायचं. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, त्यो पुतण्याच हाय, पैशावर डोळा हाय त्येचा. मी म्हटलं, पुढं वाचा. मग तुम्ही स्वयंपाकिणीला धरलंत. मग म्हाताऱ्याच्या बहिणीला. ती निर्दोष निघाली तेव्हा तुम्ही पुस्तक मांडीवर उपडं ठेवलंत. नंतर म्हणालात, "ह्या बाईनं तर काईच केलं न्हाय." आवाजात राग होता, पण तो कुणावर हे तुमचं तुम्हालाही कळत नव्हतं.

त्या पुस्तकातला गुप्त पोलीस तुमच्यासारखाच प्रत्येकावर संशय घेतो. पण कुणाला धरत नाही. तो संशय तसाच जवळ ठेवतो आणि बघायला जातो. घरातल्या सगळ्यांनी जे घेतलं नाही असं म्हाताऱ्यानं एकट्यानं काय घेतलं, एवढंच तो विचारत राहतो. खुनी कोण निघतो ते लिहीत नाही. हा कागद पणतीच्या हाती लागला तर ते पुस्तक वाचायची तिची मजा जाईल.

माझा भाऊ सर्व्हिस मोटारीनं आला. सोप्यात माझी पेटी आणि तिच्याशेजारी तो. तुम्ही बाहेर आला नाहीत. तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि चुलीपाशी खाली बसलात, तसे पूर्वी कधी बसला नव्हतात.

"तुमी खात न्हाई आन मी खातो, असं काय हाय?"

मी म्हटलं, काही नाही, मामंजी. एकाच तव्यावरची भाकरी, एकाच पातेल्यातली आमटी.

"आन पितो?"

हे तुम्ही मला विचारलं नव्हतं. तुम्ही उठलात, करगोट्याची किल्ली काढलीत, कपाट उघडलंत आणि तुमचा पितळी चंबू घेऊन आलात. उन्हाळ्यात सकाळी तुम्ही स्वतःच्या हातानं त्यात ताक भरून दुकानात न्यायचात आणि संध्याकाळी दुकान बंद करताना प्यायचात. ताक सगळ्यांचं तेच, म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. कल्हईवाला गल्लीत आला की घरातली सगळी भांडी त्याच्याकडं जायची. हा चंबू कधीच गेला नाही, कारण तो तुम्ही कुणाच्या हाती लागू देत नव्हतात. दाराच्या उजेडात तो तिरपा धरलात. आतली कल्हई पार उडालेली, पिवळं पितळ दिसत होतं, आणि काठाशी हिरवट थर. दिवसभर त्यात ताक कळकून विषासारखं होत होतं.

तुम्ही खूप वेळ आत बघत राहिलात. मग म्हणालात, "मीच की."

तरी खात्री करूनच घेतलीत. बाहेर जाऊन भावाला म्हणालात, पावणं, चार दिस ऱ्हावा. ते चार दिवस तुम्ही मातीच्या भांड्यातून ताक प्यायलात आणि माझ्या हातचं जेवलात. काही झालं नाही. भाऊ शेंगाचटणीची पुरचुंडी घेऊन एकटाच परत गेला. त्याच दिवसांत वैरागचा माणूसही येऊन गेला. दाराआडून मी सगळं ऐकलं. तुरीच्या भावाचं बोलणं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी आत येऊन निमूट ज्वारी निवडत बसले.

तुम्ही माफीबिफी मागितली नाहीत. पुस्तक चुलीपाशी ठेवून विचारलंत, "असलं दुसरं हाय का?" पुढं वाचनालयाची वर्गणी तुम्हीच भरलीत आणि डोळे जाईपर्यंत वाचत राहिलात. दूधवाल्याचं भांडं पालथं व्हायचं ते होतच राहिलं. पण दुकानात सुताचे गठ्ठे कमी भरले आणि सगळ्यांनी हमालाकडं बोट दाखवलं, तेव्हा तुम्ही थांबा म्हणालात आणि स्वतः कोठारात शिरलात. गठ्ठे गोणपाटाखाली होते. आधीचे तुम्ही असतात तर हमाल तोवर चौकीवर पोचला असता.

परवा माझ्या मुलाला मी हेच सांगायला हवं होतं. पोथ्यांनी मला सोसायला सांगितलं, शाळेनं विश्वास ठेवायला सांगितलं. संशय आल्यावर काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, आणि संशय तर सगळ्यांनाच येतो. ते मला त्या खुनाच्या पुस्तकानं सांगितलं. तुम्हालाही सांगितलं असावं.

असावं असंच म्हणते. कारण शेवटपर्यंत ताट पुढं आलं की तुम्ही डोळे मिटून क्षणभर थांबायचात. मनात शिवाचं नाव घेत होतात की अजून संशय घेत होतात, ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. आता विचारतेय ते अशा कागदावर, जो कुठल्याच टपालात पडायचा नाही. एक मात्र सांगून टाकते. तुम्ही असे थांबलात की मीही दाराआड श्वास धरून उभी राहायची, आणि तेवढ्या वेळात, मामंजी, माझा मलाच संशय यायचा.