चोवीस मिलिमीटर

अण्णा,

काल इथल्या डोंगरावर बर्फ पडला. वाळवंटाच्या देशात बर्फ, तुम्ही हसला असतात. शाळेच्या अंगणातलं ते पर्जन्यमापक तुमच्याकडे होतं, त्याची सरकारी पुस्तिका तुम्ही मला पाठ करायला लावली होती. तिच्यात एक नियम होता, बर्फ पडल्यास वितळवून मग मोजावा. मी म्हटलं, "अण्णा, आपल्या गावात कुठला आलाय बर्फ?" तर म्हणालात, "पुस्तिकेत आहे ना? मग पाठ हवं." घरातही मास्तरच तुम्ही. एकदा साडेसाताचे मी आठ केले तर कान पिळलात. "अंदाज म्हणजे आकडा नव्हे." ते वाक्य अजून कानातच आहे.

आम्ही आता रास अल खैमाला राहतो. आधी दुबईत कुसैसला होतो, भाडं झेपेना. इथं गच्चीवरून डोंगर दिसतात. लेक दुबईत नोकरी करते, शुक्रवारी घरी येते. तिनंच मला प्लास्टिकचं पर्जन्यमापक आणून दिलं, पंचेचाळीस दिरहॅमचं. "म्हणजे हजार रुपयांच्या वर गं!" मी ओरडले, आणि दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपली की गच्चीत जाऊन आकडा बघते, पाणी तुळशीला घालते, हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर टिपते. पानंच्या पानं नुसती शून्यं. लेकीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये हवामानाचं वेड असलेली पंधराएक माणसं आहेत, तिनं मलाही त्यात घातलं. डोंगराच्या सगळ्यात जवळ मी, म्हणून माझ्या आकड्याला मान. कुसैसचे केरळी भाईसाहेब पुढारी. ते म्हणतात, "अ‍ॅप गलत हो सकता है, आंटी नहीं."

गेला आठवडाभर एकच धांदल. थंडीचं वादळ उत्तरेकडून सरकतंय, वर पारा शून्याखाली जाणार, शनिवारी सकाळी बर्फ नक्की. लेक घरभर नाचत होती. "आई, स्नो! इन द यूएई! धिस मे नेव्हर हॅपन अगेन!" ह्यांचा जुना स्वेटर तिनं ट्रंकेतून उपसला. ठरलं असं की सगळ्यांनी सकाळी निघायचं, मी आकडा टाकायचा, तो दहाच्या आत असला तरच डोंगर चढायचा. कारण वरचा रस्ता वादीतून जातो. वादी म्हणजे इथला ओढा. वर्षभर कोरडा, आणि डोंगरात पाऊस झाला की बघता बघता गाड्या वाहून नेतो.

ओढा म्हटलं की मला गावच्या ओढ्यावरची आपली फरशी दिसते, तो बिनकठड्याचा बुटका पूल. मी सातवीत. तुम्ही तापानं पडलेले, रात्रभर पत्रे वाजत होते. सकाळी तुम्ही मला मापकाकडे धाडता. बाटली काठोकाठ भरलेली. मी मोजायच्या काचेत ओतायला जाते आणि काच ओल्या हातातून निसटते, बाटलीही कलंडते. काच फुटत नाही, पण पाणी गवतात जिरून जातं. कान पिळलेला आठवतो. मी बारा लिहिते. तुम्ही खाटेवर उठून बसता, म्हणता, "आवाज तर जास्त होता गं." मग वही बघता. "बारा ना? मग फरशीवर पाणी चढत नाही." आणि तो आकडा तालुक्याला फोनवर कळवायला पलीकडच्या पोस्टाकडे निघता. तुम्ही फरशीच्या निम्म्यात असताना वरून लोंढा आला. तिसऱ्या दिवशी खालच्या मळ्यात सापडलात. लोक म्हणाले, मास्तरांनी तापात धाडस केलं. मी मान डोलावली. मॅट्रिक झाले, लग्न झालं, समुद्र ओलांडला, पण ते पाणी गवतात जिरताना मला अजून दिसतं.

काल मापकात चार होते. स्वच्छ चार. मी पाणी तुळशीत ओतलं. खाली लेक बूट घालून तयार, "आई, रीडिंग टाक ना, एव्हरीवन्स वेटिंग!" मी चार लिहिला. मग चाराच्या आधी दोन लिहिला आणि पाठवून दिला.

भाईसाहेबांचं लगेच आलं, "आंटी, चौबीस? पक्का? एअरपोर्ट पे तो पाँच है."

"पक्का," मी लिहिलं.

"खलास. नो ट्रिप. यल्ला, चलो, आंटी के घर चाय."

सगळे आले. मरीनातल्या हॉटेलात काम करणारा वसईचा पोरगेलासा मुलगा म्हणाला, "काकू, बर्फ तर गेला, आता पोहे तरी गरम द्या!" मी हसले. लेक तेवढ्यात गच्चीत जाऊन आली. रिकामं मापक बघितलं असावं. तिच्या बोटाला तुळशीची माती लागलेली होती.

दुपारी फोनवर व्हिडिओ आले. वर पांढराशुभ्र डोंगर, परकी मुलं एकमेकांना गोळे मारतायत. वादीला थेंबभर पाणी आलं नाही. लेक ते पुन्हा पुन्हा बघत होती. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत असताना मागे येऊन उभी राहिली. आजोबा पुरात गेले एवढंच तिला ठाऊक आहे.

"आई, आजोबा गेले त्या दिवशी किती पाऊस झाला होता?"

"बारा," मी म्हटलं.

"ओन्ली ट्वेल्व्ह?" ती म्हणाली. मी वात सारखी करत राहिले.

वहीत कालच्या ओळीत मी चारच लिहिलेत, अण्णा. तुमच्या त्या दिवसासाठी लिहायला माझ्याकडे आकडाच नाही. हे पत्रही त्याच वहीत मागे राहील. आणि आजपासून वहीची जागा तुरीच्या डब्यामागे. लेकीचा हात तिथवर जात नाही.