खालचं बटण

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. मी ठीक आहे, डोळे मात्र दगा देतात. आमच्या लाँड्रीत साऱ्या मोठ्या हॉटेलांतले कपडे येतात आणि त्यातलं उसवलेलं-तुटलेलं माझ्या टेबलावर. शिवण अजून सरळ पडते, पण सुईत दोरा ओवायला शेजारणीची मनधरणी करावी लागते. डॉक्टर म्हणतात, हे काम आता सोडा.

म्हणून मागच्या पत्रात विचारलं, तेच पुन्हा विचारते. काम सोडून तुमच्याकडे कायमची राहायला येऊ का? बोका माझा भाऊ, अंगाखांद्यावर वाढवलाय त्याला, तो काही नाही म्हणायचा नाही. म्हणून तुला विचारते. घर तुझं आहे. नाही म्हणालीस तरी मी तोंड फुगवून बसणार नाही, पण काय ते एकदा सांग.

इकडे एकदा दोघं या बघू. इथल्या काचेच्या मनोऱ्यावर मी इतक्या वर्षांत गेले नाही, तुमच्याबरोबर जायचं म्हणून ठेवलंय. बोक्याला म्हणावं, ढेरी आवर, लिफ्टमध्ये मावायला हवास.

आठवण ठेवावी, एवढंच मागणं.
तुझी आक्का

ता. १६ फेब्रुवारी

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. ह्यांच्या ऑफिसात कामाची झुंबड आहे, त्यात माझ्या वडिलांचा गुडघा धरलाय. तेव्हा आम्ही दोघं चार दिवस माहेरी जाऊन येतो. तुमच्या येण्याबद्दल परतल्यावर निवांत लिहीन. घाईत काहीतरी खरडण्यापेक्षा ते बरं, नाही का?

ढेरीचं वाचून तुमचा बोका फुरंगटून बसलाय. डोळ्यांना जपा.

मायेत अंतर पडू देऊ नये.
आपली धाकटी

ता. १ मार्च

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र लिहून लिहून फाडलं. आता पोस्टात टाकल्याशिवाय घरात पाऊल ठेवणार नाही.

आक्का, वडिलांचा गुडघा ठणठणीत आहे. आम्ही माहेरी गेलोच नव्हतो. ह्यांना ऑफिसातून दोघांची सहल बक्षीस मिळाली, आणि ती नेमकी तुमच्याच शहराची. हे म्हणाले, आक्काला कळवू, ती विमानतळावर नाचत येईल. मी नको म्हटलं. तुम्ही समोर दिसलात की येऊ का म्हणून विचारणार, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शिवाय लग्नापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. चार दिवस आपले आपण राहू म्हटलं. ह्यांनी माझं ऐकलं.

मग आम्ही खूप फिरलो. बिनड्रायव्हरच्या गाडीत पहिल्या डब्यात काचेला नाक लावून उभे राहिलो, छतावरच्या बागेत फोटो काढले. आणि हो, मनोऱ्यावरही गेलो. वरून हे खाली बोट दाखवून म्हणाले, ह्यातलं आक्काचं घर कुठलं असेल गं? मी म्हटलं, आता तो विषय नको. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून ह्यांच्या शर्टावर कॉफी सांडली. परतताना गाडीच्या दारात अडकून बटणही गेलं. तुम्ही शिवलेला तो पांढरा शर्ट. हॉटेलवर आल्या आल्या मी तो धुवायला देऊन टाकला. तुमची लाँड्री माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी शर्ट परत आला. कडक इस्त्री, खालचं बटण नवं, आणि ते लाल दोऱ्याने लावलेलं. लहानपणी हे बटणं वरखाली लावायचे, म्हणून तुम्ही खालचं बटण लाल दोऱ्याने शिवायचात आणि लालपासून सुरुवात कर म्हणायचात. ही गोष्ट ह्यांनी मला शंभरदा ऐकवली आहे. शर्ट मांडीवर घेऊन हे पलंगावर बसले आणि रडले. आक्काला कळलंय, म्हणाले. आत्ताच्या आत्ता तिच्याकडे जाऊ, म्हणाले. विमानतळाची बस दारात उभी होती. मीच म्हटलं, कुठल्या तोंडाने जायचं?

माझी मलाच लाज वाटते. आक्का, तुम्ही या. आजच निघा. मागची खोली मी रिकामी केली आहे.

पदरात घ्या, याहून काय लिहू.
अपराधी धाकटी

ता. १२ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि चि. बोक्यासही. आधी दोघं डोळे पुसा.

शर्ट मी कॉलरवरूनच ओळखला. कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर हॉटेलचं नाव होतं, खोलीचा नंबर होता. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू? संध्याकाळी हॉटेलपर्यंत आले आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तेवढ्यात तुम्ही दोघं आलात. तो कुणाची तरी नक्कल करत होता आणि तू हसून हसून त्याच्या खांद्यावर कोसळत होतीस. मागे मी तुमच्याकडे राहायला असताना तुम्ही असे कधी हसला नाहीत, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी परत फिरले.

लाल दोरा मात्र मुद्दाम नव्हे गं. पांढरा लावून गुपचूप पाठवून द्यायचं ठरवलं होतं. बोक्याचा शर्ट हातात आला आणि हाताने आपला जुना दोरा उचलला. कपड्यांची गाडी निघून गेल्यावर ध्यानात आलं. तुमच्या सहलीत मिठाचा खडा टाकला म्हणून मीही इकडे चोरासारखी बसले आहे.

तू बोलावलंस, पण धाकटे, मी येणार नाही. शरमेने उघडलेल्या खोलीत मला राहवणार नाही. तू माझ्यापुढे मान खाली घालून वावरशील आणि मी पाहुणीसारखी चहा पीत बसेन. माझ्यावर चिडता येईल इतकी तू मोकळी झालीस, की मग विचार.

जीव लावलात, तो तसाच राहो.
तुझी आक्का

ता. २० जुलै

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि. तुम्ही मोठ्या मनाने नाही म्हणालात आणि मला टांगून ठेवलंत. चार महिने मी ती खोली झाडते आहे आणि झाडताना स्वतःला कोसते आहे.

काल जेवताना तुमचा बोका म्हणाला, आक्का असती तर भाजीत मीठ बरोबर पडलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, येऊ देत आक्का, पण माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड चालायची नाही. शिवणयंत्र खोलीतच राहील, बैठकीत नाही. आणि अधूनमधून आम्ही दोघंच बाहेर जाऊ, तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगून जाऊ. वाईट वाटलं तर वाटो. हे घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

अपराधी वाटणं काही गेलेलं नाही. ते जाईल असं वाटतही नाही. पण तुमच्यावर चिडता आलं, चांगलं कडकडून चिडता आलं, आणि तुमची अट तेवढीच होती. म्हणून आता मी विचारते. आक्का, घरी राहायला येता का?

उत्तराची वाट बघणारी,
आपली धाकटी