आमेन झाल्यावर

रविवार, १२ ऑगस्ट १९८४
आणली एकदाची हॉस्पिटलातनं घरी! मेंदूज्वर म्हणजे काय ते आता मला कुणी शिकवू नये. माझी कुंदा, पाच वर्षांची पोर, नुसती काडी झालीय. सासूबाईंनी दारातच गुडघे टेकले. "प्रभूनं परत दिली गं आपल्याला!" मीही टेकले. रडले, अगदी मनापासून.

बुधवार, १५ ऑगस्ट
रविवारी घरी उपकारस्तुतीची सभा ठरली. चर्चच्या मंडळीतले सगळे येणार. लेक घरी आली म्हणून जयवंत तर हवेतच, चटया गोळा करत मुलुंडभर फिरतोय. सगळे खूष. मग माझंच काय बिनसलंय?
खाली झेंडावंदनाचा लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता. कुंदा पाठमोरी खेळत बसलेली. हाका मारल्या — वळली नाही.

शुक्रवार, १७ ऑगस्ट
भांडण झालं. जयवंतला म्हटलं, हिला ऐकू येत नाहीये. "आजारातनं उठलीय, लाडावलीय जरा. तुझं आपलं काहीतरीच!" मी तिच्या मागे जाऊन ताट आपटलं. सासूबाई दचकल्या. ती बाहुलीचे केस विंचरत राहिली!
"अशक्तपणा आहे गं. विश्वास ठेव," सासूबाई म्हणाल्या. ठेवते ना! पण डोळ्यांदेखत दिसतंय त्याचं काय करू?

शनिवार, १८ ऑगस्ट
चहात मीठ घातलं. प्रार्थनेला बसले तर शब्दच येईनात.

रविवार, १९ ऑगस्ट
सभा झाली. पाय ठेवायला जागा नव्हती. पेटी, गाणी, मग पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना. सगळे आमेन म्हणाले, डोळे उघडले, चटया सरकल्या, कपबश्या वाजायला लागल्या. आणि कुंदा — हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. तशीच! आमेन ऐकल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, ही सासूबाईंनी लावलेली शिस्त.
"बघा, लेकराची भक्ती बघा!" पाळकसाहेब गहिवरले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आपण मोठ्यांनी हिच्याकडून शिकावं, असंही कुणीतरी म्हणालं.
अहो, भक्ती कसली! आमेन झालेलं तिला कळलंच नाही! — ओरडले मी, भर सभेत. जयवंत पांढराफटक पडला. मी जाऊन तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. आणि माझ्याकडे बघून हसली.
सासूबाईंचा डोळ्यांवरचा पदर खाली आला.

गुरुवार, २३ ऑगस्ट
घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान गेले. परत येणार नाहीत म्हणाले. जयवंत जिन्यातच रडला.
बसमध्ये कुंदा विचारते, "आई, तू मोठ्याने का नाही बोलत? रागावलीस माझ्यावर?"
काय सांगू? आणि कसं सांगू?

सोमवार, २७ ऑगस्ट
मी प्रार्थना सोडली. कुणाची करायची? जो दिसत नाही, बोलत नाही त्याची? त्या वॉर्डात रात्रंदिवस हाका मारल्या त्याला. सासूबाईंना तोंडावर म्हटलं, "तुमचा देवच बहिरा आहे!"
वाटलं, आता अंगावर येतील. त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "माझं काय डोकं फिरलं नसेल? रोज भांडते मी त्याच्याशी. पण भांडायला तरी समोर बसावं लागतं ना गं!"
माझ्याच्याने नाही होत.

शनिवार, १ सप्टेंबर
घरात आम्ही दोघीच. दिवेलागणीला कुंदानेच चटई टाकली, मला ओढून बसवलं. हात जोडले, डोळे मिटले. मी नाही मिटले. मुद्दाम! तशीच उठले, भात टाकला. तेवढ्यात शेजारची मालन आली नळाचं भांडण घेऊन. बोलता बोलता पोरीला विसरलेच मी.
परत आले तर तशीच बसलेली. डोळे मिटलेले. ना दिसत, ना ऐकू येत. चेहऱ्यावर भीती नाही की रडू नाही. आई येणार, हात लावणार — एवढंच तिला ठाऊक.
लगेच हात नाही लावला. आधी तिच्या शेजारी बसले. डोळे मिटले.