तुमच्या खिडकीची काच

सर, तुमच्या खिडकीवर अखेर मी दगड मारला. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ह्या खेपेला पोलिसांना नाव सांगायला कुणी नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या पोरांवर मी सिनेमा करतोय. हाताला काम नाही, कुणी दारात उभं करत नाही, आणि गावात कुठं काही पेटलं की पोलिसांची गाडी आधी ह्यांच्याकडे. पटकथेत बंदचा दिवस आला आणि तुम्ही आलात. त्या दिवशी मोर्चातल्या कुणीतरी तुमची काच फोडली. कुणी, ते तुम्ही पाहिलं नव्हतं. तरी नाव माझं सांगितलंत, कारण तुमच्या वर्गात आमच्या गल्लीतला मी एकटाच होतो. आई तुमच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे, लुगड्याला तंबाखूचा वास, बोटं बिडीच्या दोऱ्यानं चिरलेली. "सर, पोरगं सकाळधरनं माझ्याम्होरं बिड्या वळत बसलतं. कुठं गेलं न्हाय वो." तुम्ही चहाचा घोट घेता आणि म्हणता, "तू आई हाईस, दुसरं काय सांगणार?" सुधारगृहातून मी सुटलो तोवर दहावीचे पेपर उरकले होते. आई पुन्हा त्या रस्त्यानं गेली नाही. हे मी विसरलो नाही, आणि तुम्हाला माफही केलेलं नाही.

शूटिंगसाठी निपाणीत घरं पुष्कळ मिळत होती. मी मुद्दाम तुमचंच घेतलं. तुमच्या मुलाला काही ठाऊक नाही. हसत किल्ली दिली, म्हणाला, "अण्णा, काच फुटली तर नवी बसवून द्या, झालं." इतकं सोपं होतं बघा.

नायकाचं काम करणारा पोरगा चिकोडीचा. दगड हातात घेऊन कचरला, मला म्हणाला, "सर, मास्तरांचं घर हाय न्हवं हे?"

"आण हिकडं. कसा मारायचा ते दाखवतो."

काच खळ्ळकन फुटली. फार बरं वाटलं, सर, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला न्हेलं असतंस तर काय झालं असतं रं?"

पत्ता पाठ आहे, पण तिथं आता तुमचा मुलगा राहतो, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. नवी काच बसवून शॉट त्या पोराकडून घेतला. सिनेमात त्याचाच दगड दिसेल. मी मारला तेव्हा कॅमेरा बंद ठेवायला मीच सांगितलं होतं.