साइडलिंगचा घाट

स्कॉट्सडेल, टास्मानिया
८ मार्च १९९८

चि. थेल्मा हिस,
आशीर्वाद आहेतच, दर पत्रात मोजून देत नाही. वि. वि.

तब्येत ठणठणीत. रविवारी जुनी होल्डन गाडी काढली आणि साइडलिंगचा घाट चढून-उतरून आलो. चाळीस वर्षं या घाटात ओंडक्यांचा ट्रक हाकला तो पोटासाठी, आता जातो ते हौसेनं. तुला गाडी लागते, तुला काय कळणार यातलं सुख. दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, अर्ध्यावर आल्यावर पाय दाबायचा, की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर पडते. वरच्या मोठ्या वळणावर एक मोटारसायकलवाला कुठून उगवला देव जाणे. शिव्या देत गेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. समोरून कुणी आलं की रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही आपली रीत. शेजारची नोरीन बेकरीत चारचौघांत म्हणाली, क्लाइड, हल्ली फार शिष्ट झालास, बोटसुद्धा उचलत नाहीस. मी म्हटलं, बाई, आधी तुम्ही उचला. हल्ली कुणीच उचलत नाही गं. गाव बदललं.

पुढच्या महिन्यात लायसनसाठी डॉक्टरांकडे जायचंय. अठ्ठ्याहत्तरी झाली ना. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे, तेव्हा काळजी नसावी.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवून पत्रं लांबवू नकोस.
क्लाइड

अ‍ॅडलेड
१७ मार्च १९९८

ती. क्लाइडदादास,
धाकट्या बहिणीचा रागावून नमस्कार. वि. वि.

गाडी लागते म्हणून मला हिणवतोस, पण ती लागायची तुझ्या चालवण्यानं. बाबांची गाडी मला कधी लागली नाही.

दादा, गाव बदललेलं नाही. अख्खं गाव एकाच वर्षी उद्धट होत नसतं. ती माणसं बोट उचलतायत, तुला दिसत नाही. तो मोटारसायकलवाला उगवला नव्हता, समोरच होता. मला भीती वाटते, स्पष्टच लिहिते. एक दिवस तू कुणाचा तरी जीव घेशील, नाहीतर स्वतःचा. आणि तक्ता पाठ करून डॉक्टरांना फसवणार? लाज नाही वाटत या वयात?

माझं एक ऐक. येत्या रविवारी नोरीनला चालवू दे, तू शेजारी बस. समोरून आलेल्या गाड्या दोघांनी मोजा, कुणी कुणी बोट उचललं तेही. आकडा जुळला तर मी हात जोडून माफी मागीन.

माझ्यावर चिडलास तरी चालेल, जिवंत राहा.
थेल्मा

स्कॉट्सडेल
२० एप्रिल १९९८

चि. थेल्मा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेगडीत टाकलं. चार दिवस धुसफुसलो आणि मग नोरीनचं दार वाजवलं.

तिनं तेवीस गाड्या मोजल्या, मी चौदा. बोटांचं तर विचारूच नकोस. घरी आल्यावर किल्ली तिच्या हातात दिली आणि आत जाऊन रडलो, तुला सांगायला कसली लाज. डॉक्टरांपुढे तक्ता घोकून दाखवला नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे म्हणाले. तो वाढतच जाणार, चष्म्यानं भागायचं नाही. लायसन गेलं.

आता रविवारी नोरीन चालवते. गिअर चुकवते, मी ओरडतो, ती मला उतरवायची धमकी देते. काल वरच्या वळणावर तिनं गाडी बाजूला लावली आणि म्हणाली, खाली बघ तरी, काय सुंदर दिसतंय.

थेल्मा, त्या जागेवरून मी हजारो वेळा गेलो असेन. पाहिला तो फक्त रस्ता. पाठीवर ओंडके असताना मान वळवायची सोय नव्हती, आणि पुढे हौसेच्या दिवसांतही नजर डांबरावरच. आता बघायला मोकळा झालो, तर खाली नुसतं हिरवं, पुसट काहीतरी. नोरीनला विचारलं, तर छान आहे म्हणते आणि थांबते.

मे महिन्यात ये. खिडकीशी तू बस, आणि तिथे काय काय आहे ते मला एकेक करून सांग.

तुझा
क्लाइड