त्या रविवारचं उत्तर

सर,

तुमच्याशी घातलेला वाद मला केवढ्याला पडला, त्याचा हिशेब परवा दुकानात बसून काढला. तुमचा रविवारचा वर्ग गेला. मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, माझी खिडकीजवळची जागा गेली. हर्सूलला तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून काकूंच्या हातचा चहा प्यायचो, तोही गेला. आणि मिळालं काय? तर चाळीस वर्षं लोकांना सांगायला एक गोष्ट, की सरांना मी गप्प केलं.

ती गोष्ट मी रंगवून सांगतो. उस्मानपुऱ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. गिऱ्हाईक पंप खाली ठेवतं, मी बटण दाबतो आणि झाकण न उघडता सांगतो, बेअरिंग गेलंय की तार जळाली. "शेठचे कान लई तिखट," कामगार म्हणतात. मग मी ऐटीत म्हणतो, हे कान लहानपणापासूनचे, कुणाचं अक्षर सुटत नाही माझ्याकडून. आणि तिथून गाडी तुमच्याकडे वळते.

तुमच्या वर्गाची रीत अशी होती, की प्रार्थना झाली की तुम्ही अध्याय आणि वचन पुकारायचे, आम्ही शास्त्राची, बायबलची, पानं उलटायचो, आणि ज्याला आधी सापडेल त्यानं उभं राहून वाचायचं. मी कधी हरलो नाही. "बोटं हायेत का चाकं?" तुम्ही हसायचे. बाविसाव्या वर्षी मी क्रांती चौकात एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. तिथल्या सोबत्यानं एक पातळ पुस्तिका दिली. ख्रिस्त देव नव्हे, तिच्यात लिहिलेलं. जगाच्या आधी होता खरा, पण देवानं घडवलेला, म्हणजे कधीतरी नव्हताही. त्र्यैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही मागाहून माणसांनी केलेली जोडणी. मला ते सरळ वाटलं, बाप आधी, मुलगा मागून. आणि खरं सांगतो, ते पटल्यापेक्षा तुमच्यावर वापरता येईल याचाच आनंद जास्त झाला.

त्या रविवारी उपासना संपल्यावर मोठी माणसंही वर्गाला थांबलेली. मी पाच बोटं पाच पानांत खुपसून उभा राहिलो, पहिलं वचन वाचलं आणि विचारलं, "सर, ज्याला बाप आहे तो बापाच्या बरोबरीनं, अगदी पहिल्यापासून कसा असंल?"

"बस आधी. घाई नाय."

"उभाच राहतो सर."

तुम्ही चष्मा काढला आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मुलगा नुकताच गेलेल्या एक मावशी पहिल्या बाकावर होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सर हरतायत म्हणून रडतात. तुम्ही थांबले तसं मी दुसरं बोट काढून दुसरं वचन वाचलं. मग तिसरं. पाचव्याला तुम्ही नुसता चष्मा परत घातला.

चार दिवसांनी मी निर्लज्जासारखा तुमच्याकडे चहाला आलो. काकूंनी कप पुढे ठेवला तेवढ्यात बाहेर मंडळीचे पंच आले. पडद्याआड मला सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, तुमच्या हाताखालचं पोरगं देवाच्या लेकाला खालच्या पायरीवर बसवतंय. त्याला काढा, नायतर वर्ग बंद."

"विचारणाराला काढू, मग शिकवू कुणाला?" तुम्ही म्हणाले.

"मग लावा कुलूप."

"लावतो."

पडदा सारून बाहेर यायला चार पावलं होती. मी कप खाली ठेवला आणि मागच्या दारानं गेलो. पुस्तिकावाल्यांकडे जायला लागलो, त्यांनाही वर्षभरात सोडलं, पण मंडळीत तोंड दाखवलं नाही. तुमच्या मातीला आलो होतो सर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

परवा तुमची धाकटी दुकानात आली. काम काही नव्हतं. म्हणाली, "दादा, पप्पा त्या दिवशी काय बोलले होते? पहिल्या बाकावरच्या मावशी मरेपर्यंत म्हणायच्या, माझं लेकरू गेलं त्यातून मी त्या बोलण्यावर उठले. पण नेमकं काय, ते त्यांना सांगता यायचं नाय. पप्पांनी तर परत विषयच काढला नाय. तुमच्याकडून अक्षर सुटत नाय म्हणतात, म्हणून आले." मी छाती काढून म्हणालो, "व्हय, लिहून देतो."

म्हणून कागद घेतला. तिच्यासाठी घेतला आणि लिहितोय तुम्हाला. आता हा ना तिला देता येईल, ना तुमच्यापर्यंत पोचेल. तुमच्या हातातला चष्मा दिसतो, बाकावरचं ऊन दिसतं, मावशींचा पदर दिसतो. पंचांचं बोलणं तर शब्दन् शब्द आठवतं. पण तुम्ही बोलत होते तेव्हा पानांतलं एकही बोट निसटू नये म्हणून मी मान खाली घालून पुढचं वचन मनात घोकत होतो.

तुमचं उत्तर मी ऐकलंच नाही, सर.