दगडातला खळगा

९ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला ठमीचा नमस्कार. वहिनीनं पाठवलेला स्वेटर बाबांना नीट बसला. गळ्याशी घट्ट आहे म्हणून कुरकुरतात आणि रोज तोच घालतात. पंप दुरुस्त झाला. मांजरीनं दुकानातल्या टॉवेलांच्या कपाटात पिल्लं घातलीत, त्यामुळे टॉवेल सध्या माझ्या खोलीत राहायला आलेत.

रंगकामासाठी दुकान बंद आहे, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. रंग दिलाय हे खरं. पण दुकान त्यासाठी बंद नव्हतं. फोनवर बोलायला लागलं की बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहून कळवतेय.

बाबांच्या हातून पोस्टमास्तरांचा गाल कापला गेला. डावा, चांगला बोटभर. टाके पडले. ते बिचारे टॉवेल दाबून "काही नाही, काही नाही" म्हणत होते आणि बाबा वस्तरा धरून नुसते उभे. मी तो त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला. त्यांच्या हाताला कंप सुटलाय, दादा. कप दोन्ही हातांनी धरतात. तुझ्या लक्षात आलं असतं, पण तू आला होतास तेव्हा त्यांनी चहाच सोडला होता.

त्या दिवसापासून ते दुकानात पाय ठेवेनात. त्यातच तुझा निरोप आला, की येत्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोस, दुकानाचा सौदा करून टाकू. बाबा "बरं" म्हणाले. त्यांचं ते "बरं" मला सोसवेना.

मी त्यांचे वस्तरे बाहेर काढले. केस कापायला मी असतेच, पण दाढीचा वस्तरा त्यांनी मला कधी दिला नव्हता. पोस्टमास्तरांना लागलेल्या वस्तऱ्यावर एक केस टेकवून पाहिला. टोकाशी तुटला, मुठीजवळ तुटला, मध्ये नुसता वाकला. मग आजोबांचा धारेचा दगड काढून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे पाहिलं. पट्टीखालून उजेड येत होता! इतक्या वर्षांच्या घासण्यानं दगड मध्ये खोल गेलाय. मधली धार त्याला टेकतच नव्हती, आणि बाबा ती कसर गालावर दाब देऊन भरून काढत होते.

"दगड सपाट करायला हवा," मी म्हणाले.

"तो खळगा माझ्या बापाच्या हातचा आहे. त्याला हात लावायचा नाही."

"पण त्या खळग्यामुळेच तर..."

"दगडावर ढकलू नकोस. हात माझा होता."

मी ऐकलं नाही. मोरीत जाड काच ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला, दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि पाणी टाकून घासायला बसले. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या जशाच्या तशा. धुवायचं, पुन्हा आखायचं, पुन्हा घासायचं. खांदे भरून आले. आजोबांचा हातच मोरीतून वाहून चाललाय असं वाटून मध्येच रडू फुटलं. तरी घासत राहिले.

पाहते तर दारात बाबा.

"दाबतेस कशाला? त्याचं वजन त्याला पुरे आहे. आणि फिरव त्याला, नाहीतर तिरका होईल."

मी फिरवला. ते स्टूल ओढून बसले. शेवटची रेघ गेली तेव्हा म्हणाले, "आता कडा जरा मोड, वस्तऱ्याला लागतात. धू आणि सावलीत वाळव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी बसून मला धार लावायला शिकवलं. वस्तऱ्याची पाठ दगडावरून उचलायची नाही, घाई करायची नाही. नंतर आपणहून खुर्चीत बसले आणि मान वर केली. मी साबण लावून वस्तरा टेकवला. कानाखाली थोडं लागलं, तर म्हणाले, "पुढे चल." रोज त्यांच्यावर हात बसवला, मगच पोस्टमास्तरांच्या दारी गेले.

"डाव्या गालावर टाके आहेत," ते म्हणाले, "उजवा तुझा."

काल आले. बाबा हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे होते. पोस्टमास्तरांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "निम्मा तरी माणसात आलो."

तेव्हा त्या गृहस्थाला आणू नकोस. दुकान मी चालवणार. बाबांनाही सांगितलंय, की तुमचं "बरं" असेल, माझं "नाही" आहे. त्यांनी फक्त आपलं स्टूल खिडकीशी ठेवायला सांगितलं, तिथून माझा हात दिसतो म्हणे.

तू मात्र ये. भांडायचं असलं तर खुर्चीत बसून भांड. वस्तरा गळ्याशी असला की माणसं फार समजुतीनं बोलतात.

उद्या सकाळी दुकान उघडतेय.

तुझी,
ठमी